बरगड्यांवरचे चार ठिपके: एका बोन स्कॅनचं प्रकरण

रुग्ण 62 वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या, पाठोपाठ केमो आणि रेडिएशन. तेव्हापासून कॅन्सर रोखणाऱ्या लेट्रोझोलची गोळी रोज चालू. गेला दीड महिना उजव्या बरगडीत आणि कंबरेच्या जरा वर दुखत होतं. छातीचा एक्स-रे नॉर्मल. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडात घडामोड चालू असली की वाढणारं एक एन्झाइम, थोडं वाढलेलं. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं नवं हाडदुखणं कुणी डॉक्टर अंगावर काढू देत नाही. त्यांनी होल बॉडी बोन स्कॅन लिहून दिला आणि बाई आमच्या विभागात आल्या. सोबत मुलगी, सातवा महिना लागलेली.

न्यूक्लियर मेडिसिनचे, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून केलेल्या स्कॅनचे, रिपोर्ट लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे प्रकरण लिहून ठेवतेय, कारण यात यंत्र नीट होतं, औषध नीट होतं, तंत्रज्ञ तर फारच चांगली होती, आणि तरीही माझा रिपोर्ट भलतीकडे जायच्या बेतात होता.

उपाशी पोटी

सकाळी नऊला आल्या तेव्हा ओठ सुकलेले. रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. ओळखीतल्या कुणाचा तरी पेट स्कॅन झाला होता आणि त्यांना उपाशी या म्हणून सांगितलं होतं. 'तेच ते न्यूक्लियर स्कॅन' म्हणून यांनीही उपवास धरला, वर पाणीही सोडलं.

हा घोळ आम्ही दर आठवड्याला पाहतो. नाव एक, तपासण्या अनेक, आणि प्रत्येकीची तयारी वेगळी. नेहमीच्या पेट स्कॅनला किरणोत्सारी ग्लुकोज देतात, म्हणून आधी चार ते सहा तास काही खायचं नसतं. साधं पाणी मात्र तिथेही चालतं, उलट प्यावंच. हृदयाच्या स्ट्रेस स्कॅनमध्ये पळवण्याऐवजी औषधाने रक्तवाहिन्या रुंदावणार असतील, तर आधीचे 12 ते 24 तास कॅफिन बंद. चहा, कॉफी, कोला, डोकेदुखीच्या काही गोळ्यासुद्धा. थायरॉइडच्या स्कॅनला वेगळीच अडचण: काही आठवड्यांपूर्वी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला असेल, तर त्यातलं आयोडीन ग्रंथीत भरलेलं असतं आणि स्कॅन जवळजवळ रिकामा येतो. बोन स्कॅनला यातलं काहीच नाही. जेवा, नेहमीच्या गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या.

पाणी कशासाठी, ते या बाईंच्या बाबतीत लगेच समोर आलं. डाव्या काखेतल्या ग्रंथी काढलेल्या असल्यामुळे त्या हाताला सुई टोचायची नव्हती. राहिला उजवा, आणि कोरड्या शरीरात त्याच्या शिरा सापडेनात. शेवटी मनगटाच्या मागे एक बारीक शीर मिळाली. औषध जाताना शेवटच्या क्षणी सुईपाशी जरासं फुगलं. तंत्रज्ञ मुलीने हात जपून बाजूला ठेवायला सांगितला आणि कागदावर लिहून ठेवलं: 'उजवं मनगट, थोडी गळती.' पुढे या तीन-चार शब्दांनी एक ठिपका वाचवला.

'मावशी, आता तीन तास. तेवढ्यात पाच-सहा ग्लास पाणी प्यायचं आणि सारखं बाथरूमला जायचं,' ती म्हणाली.

'अगं, मग सुई कशाला घाईने टोचलीस? आधी पाणी तरी पिऊ द्यायचं.'

त्यांचं बरोबर होतं. आम्ही अर्धा तास थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण औषध थांबत नाही.

सहा तासांचं घड्याळ

त्या सिरिंजमध्ये टेक्नेशियम-99एम होतं, हाडाकडे ओढल्या जाणाऱ्या एमडीपी नावाच्या संयुगाला जोडलेलं. टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेलं पहिलं मूलद्रव्य. 1937 साली एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिये यांना ते सापडलं आणि नावही ग्रीक भाषेतल्या 'कृत्रिम' या अर्थाच्या शब्दावरून पडलं. आम्ही वापरतो त्या प्रकाराचं अर्धायुष्य सहा तास. म्हणजे सकाळी नऊला जितकं होतं त्याच्या निम्मं दुपारी तीनला, चौथा हिस्सा रात्री नऊला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोळावा हिस्सा. ही झाली नुसती विझण्याची गोष्ट. लघवीवाटे जातं ते आणखी वेगळं.

'अपॉइंटमेंट चुकवू नका' असं आम्ही इतक्या कडकपणे का सांगतो, ते यावरून कळेल. रुग्णाच्या नावाने भरलेला डोस कपाटात ठेवून उद्या वापरता येत नाही. आणि हे टेक्नेशियम ज्यातून निघतं ते मॉलिब्डेनम-99 जगातल्या मोजक्याच अणुभट्ट्यांत तयार होतं, त्याचंही अर्धायुष्य 66 तासांचंच. साठा करून ठेवण्याची सोयच नाही. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी एक फोन करा, दुसऱ्या कुणाचा तरी स्कॅन होतो.

बाईंना भीती निराळी होती. 'हे किरणोत्सारी म्हणजे पुन्हा कॅन्सरच व्हायचा.' एका बोन स्कॅनचा डोस साधारण 4 मिलिसिव्हर्ट पडतो (शरीराला मिळालेले किरण मोजायचं हे एकक). जमीन, हवा, आकाशातून येणारे किरण, खुद्द आपलं अन्न, या सगळ्यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे पावणेदोन वर्षांचं नैसर्गिक देणं एकरकमी. शून्य नाही, आणि मी कुणालाही शून्य म्हणून सांगत नाही. खरा प्रश्न समोर असेल तर ही किंमत नगण्य आहे. नुसतं 'बघून घेऊ एकदा' म्हणून असेल तर मात्र ती वाया जाते. सुरुवातीच्या टप्प्यातला, पसरण्याचा धोका कमी असलेला स्तनाचा कॅन्सर असेल तर बोन स्कॅन सरसकट करू नका, असं अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने 2012 मध्येच जाहीरपणे सांगितलंय. या बाईंना नवं दुखणं होतं. त्यांचा स्कॅन योग्यच होता.

दुसरी भीती अॅलर्जीची. सीटीच्या कॉन्ट्रास्टने मागे अंगावर पित्त उठलं होतं म्हणे. हा कॉन्ट्रास्ट नव्हे, यात आयोडीन नाही आणि औषधाचं वजन इतकं किरकोळ असतं की किडनीला त्याचा भार होत नाही. प्रतिक्रिया क्वचित येतात, पण फारच क्वचित.

मुलीला कुठे बसवायचं

आमच्याकडे सर्वात जास्त गोंधळ यावरून होतो. इंजेक्शन झालं की रुग्णाच्या अंगातून गॅमा किरण बाहेर पडतात, ही गोष्ट लोकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. कॅमेऱ्यातून काही निघत नाही. तो नुसता बघतो. किरण निघतात ते इंजेक्शन घेतलेल्या माणसातून. त्यामुळे मुलीने आईजवळ तीन तास खेटून बसणं बरं नव्हतं. घाबरण्यासारखंही काही नव्हतं: अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते, एवढं एक सूत्र पुरतं. तिला बाहेरच्या वेटिंगमध्ये बसवलं.

'घरी गेल्यावर? मी आईच्याच खोलीत झोपते.'

आजची रात्र वेगळ्या अंथरुणावर, शक्यतो वेगळ्या खोलीत. उद्या सकाळपासून नेहमीसारखं. लहान मुलांना आज मांडीवर घेऊन फार वेळ बसायचं नाही. भांडी, कपडे वेगळे करायची गरज नाही. संडासात दोनदा फ्लश करायचा, हात नीट धुवायचे. रुग्ण स्वतःच गरोदर असेल, किंवा असण्याची शंका असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. ते इंजेक्शनच्या आधी सांगायचं, नंतर नव्हे. अंगावर पाजत असाल तरीही आधी सांगा, कारण काही औषधांना दूध थोडा वेळ थांबवावं लागतं तर काहींना कायमचं. आणि हो, पुढच्या दोन-चार दिवसांत विमानतळावर जायचं असेल तर विभागाकडून चिठ्ठी घ्या. तिथले किरणशोधक फार तिखट असतात.

पडद्यावर

बाराच्या सुमारास त्या टेबलावर झोपल्या. कॅमेऱ्याच्या दोन सपाट पाट्या, एक वर, एक खाली, डोक्यापासून पायापर्यंत सावकाश सरकतात. वीस-पंचवीस मिनिटं. वरची पाटी चेहऱ्याच्या अगदी जवळ येते, तेव्हा बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. जवळ येते ती चित्र स्पष्ट यावं म्हणून. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी आधी सांगितलं तर आपण पायांकडून सुरुवात करू शकतो. त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

चित्र आलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण लोकांना वाटतं की बोन स्कॅन म्हणजे हाडांचा फोटो. (काहींना तर तो हाडांची घनता मोजणारा डेक्सा वाटतो. तो निराळाच.) एक्स-रेमध्ये दिसते हाडाची घडण. इथे दिसतं हाडाचं काम. जिथे नवं हाड बांधलं जातंय तिथे औषध जास्त चिकटतं आणि काळा ठिपका उठतो. एक्स-रेवर काही दिसायला हाडातला तीस ते पन्नास टक्के खनिज भाग जावा लागतो. बोन स्कॅनला त्याहून फार थोडा बदल पुरतो. म्हणूनच तो इतका कामाचा. पण बांधकाम का चाललंय, हे त्याला ठाऊक नसतं. कॅन्सरची गाठ बसली म्हणून, हाड मोडून सांधतंय म्हणून, सांधा झिजला म्हणून, ठिपका सारखाच काळा.

बाईंच्या चित्रात उजवीकडे सहावी ते नववी अशा चार बरगड्यांवर चार ठिपके होते. कंबरेच्या पहिल्या मणक्यावर एक आडवा पट्टा. उजव्या काखेत एक बारीकसा ठिपका. डाव्या खुब्याच्या हाडाशी एक चांगलाच गडद. दोन्ही गुडघे आणि एक खांदा, पण त्यांचं मला काही वाटलं नाही, त्या वयात ते असतंच. शिवाय डाव्या बाजूच्या पुढच्या बरगड्या फिकट दिसत होत्या. जुन्या रेडिएशनची ती खूण, अपेक्षितच.

सात नव्या जागा. स्तनाचा कॅन्सर. नवं दुखणं. वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज. आमच्या फॉर्मवर 'अलीकडे अपघात किंवा फ्रॅक्चर?' या प्रश्नापुढे सुबक अक्षरात 'नाही'. मी डिक्टेशन सुरू केलं. 'अनेक ठिकाणी वाढलेलं शोषण, हाडांत पसरल्याची दाट शक्यता...' इथपर्यंत बोलून झालं होतं.

बाहेर मुलगी तंत्रज्ञाला विचारत होती, 'दिसतंय का हो काही?' ती म्हणाली, 'डॉक्टर सगळी चित्रं बघून सांगतील.' हे उत्तर लोकांना टाळाटाळ वाटतं. त्या दुपारी मला विचारलं असतं तर मी काय बोलून बसले असते, हे आठवलं की त्या उत्तराची किंमत कळते.

एकेक ठिपका

तंत्रज्ञ आत आली. तिला खुब्याचा ठिपका खटकला होता, कारण त्याची कड हाडाच्या रेषेबाहेर जात होती. बाईंना गाऊन बदलायला सांगितला, त्वचा पुसायला दिली, तेवढ्या भागाचं चित्र पुन्हा घेतलं. ठिपका गायब. लघवीचा एखादा थेंब गाऊनला लागला असणार. औषधाचा मोठा हिस्सा लघवीतूनच जातो, म्हणून असा थेंब पडद्यावर हाडातल्या गाठीसारखा ठसठशीत उमटतो. टेबलावर चढण्यापूर्वी मूत्राशय रिकामं करा, आणि कपड्याला काही लागलं असं वाटलं तर संकोच न करता सांगा, हे आम्ही म्हणतो ते यासाठी.

काखेतला ठिपका तिच्या सकाळच्या नोंदीने उलगडला. मनगटाशी गळलेलं औषध लसिकावाहिन्यांतून वर चढतं आणि त्याच बाजूच्या काखेतल्या ग्रंथीत अडकतं. टोचताना दुखलं, चुरचुरलं, सूज आली तर लगेच बोला. ती तक्रार नव्हे, आमच्यासाठी ती माहिती असते.

उरले चार बरगड्या आणि एक मणका. एकापाठोपाठच्या चार बरगड्या, आणि ठिपके एका सरळ रेषेत, जणू कुणी पट्टीने ओढल्यासारखे. कॅन्सर असा रांगेत उभा राहत नाही. तो बरगडीच्या लांबीने पसरतो, कुठेही, कसाही. रांग लागते ती मार लागला की. हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे, आणि तरी 'नाही' हा एक शब्द वाचून मी ते बाजूला सारलं होतं. मणक्यावरचा आडवा पट्टाही दबलेल्या मणक्याला शोभणारा.

मी बाहेर गेले. मुलीला तंत्रज्ञाने पाणी आणायला पाठवलं होतं, हे नंतर लक्षात आलं. हुशार पोरगी.

'मावशी, गेल्या दोन-तीन महिन्यांत पडला होतात का?'

'नाही हो. अपघात कसला?'

'अपघात नाही म्हणत मी. घसरलात, धडपडलात, कशाला आपटलात?'

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, 'स्टुलावरून. कपाटावरची बॅग काढत होते. बाळाची जुनी दुपटी आहेत तिच्यात. तोल गेला आणि कपाटाच्या कडेवर उजवी बाजू आपटून खाली बसले. सात आठवडे झाले असतील. तिला सांगू नका, तिने मला स्टुलावर चढायचं नाही म्हणून बजावलं होतं.'

फॉर्म मुलीने आईच्या शेजारी बसून भरला होता. अर्थात 'नाही'.

मग त्याच टेबलावर स्पेक्ट-सीटी केला, म्हणजे कॅमेऱ्याचं त्रिमितीय चित्र आणि त्यावर कमी डोसचा सीटी. यात एक्स-रेची थोडी भर पडते, पण तो घेण्याला आता कारण होतं. चारही बरगड्यांवर सांधत आलेल्या भेगा आणि भोवती नव्या हाडाचा थर. हललेली नसलेली बरगडी साध्या एक्स-रेला बऱ्याचदा चकवते. मोडलेलं हाड सांधताना अल्कलाइन फॉस्फटेजही वाढतं, त्यामुळे त्या आकड्याचंही कोडं सुटलं. मणक्याची वरची बाजू दबलेली. पण मणक्याबाबत मी लिहिलं, 'एमआरआय करावा.' दबलेला मणका पडल्याने दबला की आतून पोखरल्याने, हे कॅन्सर होऊन गेलेल्या रुग्णात नुसतं माझ्या चित्रावर सोडून देणं मला पटत नाही. पडल्याची गोष्ट कळली म्हणून सगळंच तिच्या नावावर खपवणं ही पहिलीच चूक उलट्या बाजूने.

संध्याकाळी घरून तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनची सीडी आली. तेव्हा गाठ मोठी होती आणि काखेत पसरली होती म्हणून तो केलेला. बरगड्या, मणका साफ. गुडघे आणि खांदा मात्र तेव्हाही तसेच काळे. ही सीडी सकाळी हातात असती तर माझा एक तास वाचला असता. जुना स्कॅन, नुसता रिपोर्ट नव्हे तर चित्रं, सोबत आणा, एवढं एक जरी लोकांनी ऐकलं तरी आमचे कितीतरी 'शक्यता नाकारता येत नाही' कमी होतील.

पुढे

एमआरआयमध्ये मणक्यात गाठ नव्हती, दबल्याची रेष होती. डेक्सात टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.5 च्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. लेट्रोझोल कॅन्सरला रोखतं ते इस्ट्रोजेन कमी करून, आणि इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं झिजतात. स्टुलावरून पडून चार बरगड्या आणि एक मणका मोडावा, एवढी ती हाडं ठिसूळ झाली होती. म्हणजे दुखण्याचं कारण कॅन्सर नव्हता, पण कॅन्सरच्या औषधाचा त्यात हात होता. त्यांच्या डॉक्टरांनी हाडांसाठी औषध सुरू केलं. लेट्रोझोल चालूच.

तीन महिन्यांनी पुन्हा बोन स्कॅन करून खात्री करून घ्यावी का, असं मुलीने विचारलं. मी नको म्हटलं. मोडलेली बरगडी स्कॅनवर कित्येक महिने, कधी वर्षापेक्षा जास्त काळ काळी दिसत राहते. ते ठिपके बघून पुन्हा झोप उडवून घेण्यात काय हशील? दुखणं वाढलं, नव्या जागी आलं, तर लगेच या.

आमच्या फॉर्मवरचा प्रश्न आता बदललाय: 'गेल्या दोन वर्षांत कधी पडलात, घसरलात, कशाला आपटलात?' शिवाय तो रुग्णाला एकट्याने, सोबतचं माणूस बाहेर असताना विचारला जातो. महिन्याभरात 'हो' उत्तरांची संख्या इतकी वाढली की तंत्रज्ञ वैतागली.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. रिपोर्टमध्ये स्टुलाचा उल्लेख नको, म्हणाल्या. मी सांगितलं की मार लागल्याची नोंद लिहावीच लागेल, नाही तर पुढचा डॉक्टर हेच ठिपके बघून पुन्हा तिथेच अडकेल. स्टूल गाळेन, पडणं गाळता येणार नाही. त्यांनी सुस्कारा टाकला आणि बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टचं पाकीट घ्यायला मुलगी आली. काउंटरपाशीच उभ्या उभ्या तिने पहिली ओळ वाचली, 'सात आठवड्यांपूर्वी उंचावरून पडल्याचा इतिहास', आणि फोन काढला.